टाळ्यांखालचे दोन शब्द

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. चिकटपट्टी नव्हे, आणि शिंप्याच्या गळ्यात असते ती तर नव्हेच. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण हल्ली टेप म्हटलं की मुलं विचारतात, काय फाटलंय? मी आवाज साठवणारी टेप आहे. रंगाने तपकिरी, अंगाने चपटी आणि लांबीला भरपूर. रिळावर गुंडाळून मला पुठ्ठ्याच्या चौकोनी डबीत ठेवलेलं असतं. त्या डबीवर चहाच्या कपाचा एक गोल डाग आहे. तो लक्षात ठेवा. पुढे त्या डागानेच माझा जीव वाचवला.

माझ्यात एका रविवारच्या दुपारचं गाणं आहे. गाणारी बाई स्वतःच पियानो वाजवते आहे, सोबतीला बास आणि ड्रम. आणि सगळ्यात शेवटी, टाळ्यांच्या खाली, एका माणसाचे दोन शब्द आहेत. ज्या बाईने आयुष्यभर त्यांतल्या एका शब्दाची वाट पाहिली, तिला ते ऐकूच गेले नाहीत. ते फक्त माझ्याकडे होते, आणि मी डबीत होते.

हे मी रडून सांगणार नाही. आम्हाला ओल लागलेली चालत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर लोखंडाच्या गंजाची बारीक पूड चिकटवली की आमच्यासारखी टेप तयार होते. होय, गंजच. एरवी माणसं गंज खरवडून काढतात, आमच्याकडे तो मुद्दाम लावतात, कारण त्या पुडीला सगळं लक्षात राहतं. जन्मतः आम्ही कोऱ्या आणि मुक्या. पुढे कोणाच्या वाट्याला काय येईल ते काही सांगता येत नाही. माझ्याच खोक्यातल्या एका बहिणीवर दात कसे घासावेत याचं व्याख्यान भरलं गेलं. माझ्या वाट्याला गाणं आलं. यात माझं कर्तृत्व काहीही नाही.

मला ज्यांनी विकत आणलं ते गृहस्थ आवाज टिपायचं काम करत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांची एक पद्धत होती. टेप भरून झाली की ते ती पुन्हा सुरुवातीला आणून ठेवत नसत. शेवट बाहेरच्या बाजूला राहील अशी, म्हणजे उलटी, तशीच डबीत घालत. याला कारण होतं. एका वेढ्यातला मोठा आवाज शेजारच्या वेढ्याला थोडासा लागतो, नव्या कापडाचा रंग शेजारच्या कपड्याला लागावा तसा. मग गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याची पुसट सावली ऐकू येते. टेप उलटी ठेवली तर तीच सावली गाण्याच्या मागून येते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. “आधी सगळी दुसऱ्या रिळावर घ्यायची, मग ऐकायची,” मास्तर सांगत. “घाई असेल त्याने ऐकू नये.” बाहेरच्या टोकाला ते एक लाल पट्टी जोडत. लाल दिसलं की समजायचं, हा शेवट आहे.

आता त्या दुपारकडे येते. एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर लहानसं सभागृह होतं. खुर्च्या मांडणं चालू होतं, मास्तर ड्रमच्या अगदी जवळ एक माइक लावत होते, आणि गोल जिन्यावरून बास वर येत होता. बास म्हणजे माणसापेक्षा उंच तंतुवाद्य. तो वाजवणाराही उंच आणि किडकिडीत, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत. शिडीने हातातला चहाचा कप माझ्या डबीवर टेकवला आणि मास्तर कडाडले, “टेबल काय आभाळात आहे का? खाली बघून ठेवत जा की.” तोच तो डाग.

ड्रम वाजवणारा माणूस म्हणजे गाणाऱ्या बाईचा सख्खा मोठा भाऊ. बाहेर तिचं नाव मोठं होतं, पण भावाच्या लेखी ती चिमी आणि तिच्या लेखी तो दादा. लहानपणी आई-वडील कामावर गेले की दादा तिला जेवणाच्या टेबलावर दोन चमचे घेऊन ताल शिकवायचा. दादाचा शब्दसंग्रह आटोपशीर होता. ती पुढे पळाली की “घाई.” चुकली की “परत.” आणि नाहीच चुकली तर काही नाही, फक्त मान फिरवून पुढचं वाजवायला लागायचा. मोठी झाल्यावर लोक तिच्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवू लागले, तरी दादाकडून “जमलं” एवढा शब्द काही निघाला नव्हता. तो कंजूष नव्हता. त्याला लाज वाटायची. पण हे तिला कसं कळावं?

त्या दुपारी शिडीने बास कुठेही न घासता जिन्यावरून वर आणला, तेव्हा दादा म्हणाला, “जमलं.”

चिमी मागेच उभी होती. “घ्या,” ती म्हणाली, “जिन्यालासुद्धा मिळालं. मला कधी मिळणार रे?”

“बघू,” दादा म्हणाला.

ती हसली. पण पियानोवर बसल्यावर बराच वेळ नुसती पट्ट्यांवर बोटं ठेवून होती. तिला वाईट वाटलं होतं.

चिमीची आणखी एक खोड सांगून ठेवते. कोणी कौतुक केलं की ती कानाला हात लावून विचारायची, “काय? काय म्हणालात?” ऐकू आलेलं असायचं, पण पुन्हा ऐकायची हौस. सगळ्यांना ही खोड माहीत होती, दादाला सर्वांत जास्त.

गाणं सुरू झालं तसं यंत्राने मला फिरवायला घेतलं. यंत्राच्या ज्या भागाला घासून मी जाते त्याला हेड म्हणतात. त्यात डोकं असं काही नसतं, सांगितलं तेवढं लिहितं. मलाही सूर कळत नाहीत, पण इतक्या वेळा ऐकून एवढं समजलं आहे की जॅझमध्ये, म्हणजे ही मंडळी वाजवत त्या संगीतात, आधी ठरलेली चाल वाजवायची, मग चाल सोडून आपल्या मनाने फिरून यायचं, आणि पुन्हा ठरल्या जागी सगळ्यांनी भेटायचं. फिरायला जाणाऱ्यांनी जेवायच्या वेळेला घरी यावं, इतकीच अट. दादा ती अट कडक पाळायचा.

शेवटचं गाणं संथ होतं. चालीच्या दोन फेऱ्या झाल्या की संपवायचं, असं ठरलं होतं. दोन फेऱ्या झाल्या आणि चिमी थांबली नाही. तिने तिसरी घेतली. शिडीने दादाकडे पाहिलं. दादा तारांचे ब्रश ड्रमवर हळूहळू फिरवत राहिला. मग चिमीने पियानोही सोडून दिला आणि एक ओळ नुसत्या गळ्याने म्हटली, वाटेल तिथे थांबत, वाटेल तिथे लांबवत. तालाला धरायला काही उरलंच नाही. ओळ संपली. श्वास घ्यायला ती थांबली, आणि तो श्वास जिथे संपला नेमका तिथे दादाचा ब्रश पडला. मग ती पियानोवर एकेक सूर उतरत अगदी खालपर्यंत आली आणि तिथे गाणं संपलं.

लोकांनी टाळ्यांचा गजर केला. त्या गजरात दादा मान खाली घालून, ब्रश गोळा करता करता, म्हणाला, “जमलं, चिमे.”

माइक त्याच्या तोंडाशी होता म्हणून ते माझ्यापर्यंत पोचलं. त्यानंतर दोन-चार टाळ्या टिपल्या आणि मी संपले. रिळावर जागाच नव्हती. मास्तरांच्या कानाला हेडफोन होते, त्यांनीही ऐकलं. पण त्यांना वाटलं, आपल्याला ऐकू आलं म्हणजे सगळ्यांना आलं.

माणसं पांगल्यावर चिमी दादाजवळ गेली. तिला तिसऱ्या फेरीची धास्ती होती. दादा झांजेचा स्क्रू काढत होता.

“दादा, चिडलास?”

“बोललो ना,” दादा खाली बघूनच म्हणाला.

“काय? काय म्हणालास?”

आता बघा, या वेळी तिला खरंच ऐकू आलं नव्हतं. पण दादाला वाटलं, हिची नेहमीची हौस. चार लोकांत पुन्हा म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. “एकदा बोललो,” तो म्हणाला. “दोनदा बोलायची माझी रीत नाही.”

चिमीचा चेहरा उतरला. टाळ्यांमध्ये त्याने आपल्याला काहीतरी लागेल असं सुनावलं, अशी तिची खात्री झाली. “बरं,” ती म्हणाली, “मग नकोच बोलूस.” ते ऐकून दादाला वाटलं, आपण एवढं बोललो तरी हिचं समाधान नाही. तो सामान घेऊन निघून गेला. शिडी दोघांच्या मध्ये बास धरून उभा होता. त्याला काहीच कळलं नव्हतं.

तिथून दोघांचा अबोला सुरू झाला. रेकॉर्ड काढणारी मंडळी माझ्यासाठी चिमीकडे गेली, तर ती म्हणाली, “त्याची रेकॉर्ड नको. माझा भाऊ चिडलाय त्यात.” तिने मला एकदाही ऐकलं नाही. दादाने ड्रम विकले नाहीत, पण उघडलेही नाहीत. दोघंही आपापल्या घरात बसून दुसऱ्याच्या फोनची वाट पाहत होती, असं मी पुढे ऐकलं. खरं सांगायचं तर मला दोघांचाही राग आला होता.

मास्तरांनी मला लाल पट्टी लावून एका ध्वनिसंग्रहाच्या फळीवर ठेवलं आणि वय झालं म्हणून ते काम सोडून गेले. फळीवरचं आयुष्य कसं असतं म्हणून सांगू? उन्हाळ्यात अंग सैल पडतं, हिवाळ्यात आखडतं. धूळ बसते. दर वर्षी कोणीतरी म्हणतं की हे सगळं एकदा बघायला हवं, आणि दिवा मालवून जातं. डबीवरचं नाव उडून गेलं. लाल पट्टीचा गोंद वाळला आणि ती गळून डबीच्या तळाशी पडली.

मग फळ्या रिकाम्या करायचा हुकूम आला. ठेवायच्या टेप वेगळ्या आणि पुसायच्या वेगळ्या. पुसायची म्हणजे पाटीसारखी पुसायची, नव्याने भरायला. हे काम एका कारकुनाकडे आलं. माणूस वाईट नव्हता, पण मास्तरांची पद्धत त्याला कोणी सांगितलेली नव्हती. त्याने मला डबीतून काढलं आणि होते तशीच यंत्रावर चढवलं. साहजिकच मी शेवटाकडून सुरू झाले. आधी टाळ्या. टाळ्या उलट्या वाजवल्या तरी टाळ्याच असतात. त्यांच्यातून दादाचा आवाज आला, “एमीच अलमज.”

“ही कुठली भाषा?” कारकुनाने शेजारच्या टेबलावर विचारलं.

शेजारच्याने कान देऊन ऐकलं. “देव जाणे. पण माणूस चिडलेला वाटतोय.”

म्हणजे सुलट काय आणि उलट काय, बिचाऱ्या दादाच्या नशिबी तेच. पुढे उलटा पियानो लागला. त्यात प्रत्येक सूर कुठूनतरी फुगत येतो आणि पटकन तुटतो. कारकुनाने डबीवर चिठ्ठी लावली, ‘परकी भाषा, सोबत कसलं तरी वाद्य’, आणि मला पुसायच्या खोक्यात टाकलं. माझ्यावरच्या टेप एकेक करून जाऊ लागल्या आणि कोऱ्या होऊन परत येऊ लागल्या. त्यांच्याशी बोलायला जावं तर त्यांना काही आठवेना. तेव्हा मात्र मी घाबरले. गाणं गेलं तर गेलं, अशी गाणी अजून असतील. ते दोन शब्द जगात दुसरीकडे कुठेही नव्हते.

आणि आता तर ते निघणारही नव्हते. दादाला झटका आला होता. उजवा हात गेला, वाचा गेली. त्याला पुन्हा बोलतं करायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांचं स्वतःचं काही जुनं वादन असेल तर ऐकवून बघा. म्हणून दादाची मुलगी शिडीकडे गेली. शिडी आता काठी टेकत होता. “एकच टेप होती,” त्याने सांगितलं. “डबीवर माझ्या कपाचा डाग असेल. त्यावरून मी बोलणी खाल्ली होती.”

मुलीने संग्रहात येऊन खोकी उपसली आणि पुसायच्या खोक्यातून मला बाहेर काढलं.

“ती नव्हे हो,” कारकून म्हणाला. “ती परक्या भाषेतली आहे.”

“डाग तर हाच आहे.”

“असेल. पण टेप न्यायची तर जिचं गाणं आहे तिची परवानगी लागते. नियम आहे.”

मुलीने तिथूनच आत्याला फोन लावला. वडिलांचा अबोला तिने वारशाने घेतला नव्हता.

चिमी आली. केस पांढरे, चाल सावकाश, हातांची बोटं मात्र अजून ताठ. ती भाचीला म्हणाली, “सही करते आणि जाते. ऐकवू नका मला. माझं त्याच्याशी भांडण नाही, त्याचं माझ्याशी आहे.”

“सहीच्या आधी ऐकाच,” कारकून म्हणाला. “उगीच दुसऱ्याच कोणाच्या टेपवर सही व्हायची.” त्याने मला पुन्हा तशीच चढवलं. टाळ्या, एमीच अलमज, आणि तो फुगणारा पियानो. चिमी पर्स उघडून चष्मा शोधत होती. तिचा हात थांबला. शेवटच्या गाण्यात ती ज्या सुरांवरून एकेक पायरी खाली उतरली होती, त्याच सुरांवरून कोणीतरी वर चढत होतं.

“अहो,” ती म्हणाली, “ही उलटी लागलीय. पायऱ्या माझ्याच आहेत.”

कारकुनाचे कान लाल झाले. त्याने मला सगळी दुसऱ्या रिळावर घेतलं आणि सुरुवातीपासून लावलं. मी गायले. म्हणजे चिमी गायली, मी फक्त परत दिलं. तिघंही खुर्च्या ओढून बसली. शेवटचं गाणं आलं, तिसरी फेरी आली, ती गळ्यावरची ओळ आली, आणि श्वासाच्या टोकाला ब्रश पडला. टाळ्या सुरू झाल्या.

“बंद करा आता,” चिमी म्हणाली. “पुढे तो चिडलाय.”

कारकुनाचं बोट बटणावर गेलं.

“थांबा,” भाची म्हणाली. “बाबांचा आवाज आहे.”

“जमलं, चिमे,” मी म्हणाले. दादाच्या आवाजात.

रीळ संपून माझं टोक फटफट आपटत राहिलं, तरी कोणी यंत्र बंद केलं नाही. चिमी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. मग ती म्हणाली, “परत.”

कारकुनाने परत लावलं. ती पुन्हा म्हणाली, “परत.” तो न कंटाळता लावत राहिला. मग त्याने स्वतःच यंत्र उचलून गाडीत नेऊन ठेवलं आणि म्हणाला, “मी येतो सोबत. उलटी लावायला कोणीतरी हवं ना.”

दादा खिडकीशी खुर्चीत होता. चिमीला पाहून त्याने मान फिरवली, पण त्या फिरवण्यात जोर नव्हता. ती त्याच्या डाव्या बाजूला बसली. कारकुनाने मला लावलं, या वेळी नीट. दादा आधी नुसता बघत होता. हळूहळू त्याच्या डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर पडायला लागलं. तिसऱ्या फेरीत ते डगमगलं नाही. गळ्यावरच्या ओळीत ते थांबलं, आणि श्वास संपला तिथे नेमकं पुन्हा पडलं. मग टाळ्या, आणि त्यांच्या खाली, “जमलं, चिमे.”

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत स्पष्ट लिहिलं होतं, बोललो ना.

चिमीने कानाला हात लावला. “काय?” ती म्हणाली. “काय म्हणालास?”

दादाचं अर्धंच तोंड हसू शकत होतं. तेवढं हसलं. कारकुनाने मला थोडं मागे घेतलं आणि मी पुन्हा म्हणाले, “जमलं, चिमे.” दोनदा बोलायची त्याची रीत नव्हती. माझी आहे.

दादाची वाचा काही परत आली नाही. चिमी मात्र रोज दुपारी येते. जेवणाच्या टेबलावर दोन चमचे असतात, एक तिच्याकडे आणि एक त्याच्या डाव्या हातात. तिची घाई झाली की तो चमचा आपटतो.

मी आता संग्रहात ठेवायच्या फळीवर आहे, उलटीच, नव्या लाल पट्टीसकट. डबीवरचा डाग पुसू नये अशी चिठ्ठी कारकुनाने लावली आहे. तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुनं काही हाताशी आलं आणि कळेनासं झालं, तर खराब म्हणण्याआधी ते एकदा दुसऱ्या टोकाने लावून बघा. आणि तुमच्या घरात कोणाचं काही जमलं असेल, तर तसं म्हणा. प्रत्येक वेळी ड्रमसमोर माइक नसतो. टाळ्या थांबू द्या, आणि मग म्हणा.